गॅरेज पाडायचं गाऱ्हाणं

गुरुदासने नारळ हातात घेतला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तो गॅरेजसमोर, पण चांगला लांब, माडाच्या सावलीत उभा राहिला. कामाला हात लावण्याआधी राखणदाराला, म्हणजे गाव सांभाळणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालून सगळं नीट पार पाडायला सांगायची घरची रीत होती. मुंबईत नोकरीला राहूनही ती त्याने सोडली नव्हती. सोपी होती ना.

सुगंधा, त्याची थोरली वहिनी, पडवीच्या खांबाला धरून बघत होती. कालपासून ती सांगून दमली होती.

गॅरेज तिच्या सासऱ्यांनी बांधलेलं. गावात पहिली मोटार त्यांची, तसा पहिला सिमेंटचा स्लॅबही त्यांचाच. दारात समुद्र असताना वाळू विकत कोण आणतो, म्हणून सगळी वाळू किनाऱ्यावरची भरली. मोटार केव्हाच विकली गेली. खाऱ्या वाळूने आतल्या लोखंडी शिगा गंजून फुगल्या आणि स्लॅबला पोट आलं. काल दुपारी त्याचा एक खपला खाली चरणाऱ्या कोंबडीवर पडला. कोंबडीला पंख फडफडवायलाही वेळ मिळाला नाही. रात्री गुरुदासने ती वड्यांबरोबर खाल्ली, आणि वर रस्सा मागून घेतला.

आणि आज त्याच स्लॅबखाली घरचा गडी बाबली घण घेऊन शिरणार होता. मागचे खांब खालून फोडायचे आणि सगळा स्लॅब एकदम खाली आणायचा, हा गुरुदासचा हुकूम. तिथे त्याला मुलीच्या लग्नाचा मांडव घालायचा होता. घर शाकारताना एक कुजका वासा काढायचा तरी आधी टेकू देतात, हा तर अख्खा स्लॅब, असं सुगंधाने परोपरीने सांगून पाहिलं. खालून वासे लावून तो तोलून धरा, मग वर चढून कडेपासून थोडा थोडा फोडत या. गुरुदासने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वयनी, दोन दिसांचा काम आठ दिस करूक माका येळ नाय. परवा मुंबयची बोट गाठूची आसा."

"बा देवा म्हाराजा," गुरुदासने सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," बाबली म्हणाला. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक बोलाला हजर माणसांनी व्हय म्हणायचं असतं. नाही म्हणायची सोय त्यात नाही. बाबलीची बायको शेवंती ढिगारा उपसायला घमेलं घेऊन आली होती. तिचेही ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. ती स्लॅबकडे बघत होती.

"आज ह्या गॅरेज पाडूक घेतला हा. माजो गडी भुतूर जाता. तेका काय एक होवक देव नको."

"व्हय म्हाराजा."

"आणि काय झालाच, तर ती जबाबदारी तुजी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाबली म्हणाला, आणि त्याने घण उचलला.

सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाशांचा खर्च नको, बोट चुकायला नको, आणि माणूस मेला तर ते देवाच्या माथी. राखणदाराने गाव राखायचा की गुरुदासची रजा? ती पदर खोचून पडवीसमोरच्या खळ्यात उतरली आणि बाबलीच्या हातातला घण काढून घेतला.

"गुरुदास, हयसर सावलेत कित्याक उभो? भुतूर चल. स्लॅबखाली उभो रव आणि थंयसर घाल गाऱ्हाणा."

"वयनी, बायलमाणसान मधी बोलू नये."

"बरा, मी नाय बोलणंय. राखणदार सांभाळता मा? मगे चल तू."

गुरुदास हसला. शेवंती आणि बाबली बघत होते, तेव्हा जाणं भाग होतं. तो गॅरेजच्या दारापर्यंत गेला. तिथे थांबून त्याने चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट लावल्या. मग वर बघितलं. गंजलेल्या शिगांमधून चिमूटभर वाळू त्याच्या टोपीवर सांडली. पुढचा पाय त्याने उचलला नाही.

या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. सुगंधाने घण खाली टेकवून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा. आज ह्या घराचो धनी आपल्या गड्याच्या आदी स्लॅबखाली उभो रवता हा."

बाबली गप्प राहिला. मालकाच्या तोंडावर व्हय कसं म्हणणार?

"व्हय म्हाराजा," शेवंती म्हणाली, इतक्या मोठ्याने की बाबलीने वळून बघितलं.

"तेचा चेडू लग्नाचा आसा. तेका काय एक होवक देव नको."

"व्हय म्हाराजा."

"आणि काय झालाच, तर जबाबदारी तुजी. आमची कोणाची नाय."

"व्हय म्हाराजा," आता बाबलीही म्हणाला.

गुरुदास नारळ घेऊन तसाच उभा होता. पाठीवर सदरा घामाने चिकटला होता. आत एक लहानसा खपला पडला, आणि तो चटकन मागे सरला. चपला तिथेच राहिल्या.

मग मान खाली घालूनच म्हणाला, "बाबली, टेकूक वासे खंय गावतले रे?"

"आता घातलंस खरा गाऱ्हाणा," सुगंधा म्हणाली. "फोड नारळ."