चौथं खातं

आर्डिसला यातून मिळणार होतं तरी काय? ऑफिसच्या, घरच्या आणि जुन्या कॉलेजच्या खात्यांतल्या मेल एकाच जागी दिसतील, एवढंच. डुलुथमधल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून तिने तिन्ही खाती लॅपटॉपवर जोडली. मेल उतरू लागल्या.

यादीत चौथं खातं आलं. तिच्याच नावाचं. तिने ते कधीच उघडलं नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, लव्हॉनचा, फोन आला. "शाब्बास गं बाई! मी पुन्हा प्यायला लागले हे फक्त तुला सांगितलं, आणि तू थेट माझ्या साहेबांना मेल केलीस? नोकरी गेली माझी!"

"अगं, मी नाही लिहिली!"

"मग काय तुझ्या मांजरीने लिहिली? आता माझ्या नवऱ्याला, कर्टलाही कळव, त्याच्या आईची अंगठी मी विकली म्हणून. एक दिवस राहायचा नाही तो घरात."

अंगठीचं आर्डिस आत्ता पहिल्यांदा ऐकत होती. तिचे दोन्ही हात फोनवर होते. समोर, चौथ्या खात्यातून, कर्टच्या नावे एक मेल निघून गेली.

फोनमध्ये मागून कर्टचा आवाज आला, "लव्हॉन, आर्डिसने हे काय लिहिलंय?"

नोकरी लव्हॉनची गेली, नवराही तिचाच गेला. बहीण मात्र दोघींची गेली.