तिसरा गण

“शांत! कोणी हलू नका!” अग्निशमन दलाचा प्रमुख ओरडला. जवानांनी हातातले दगड जागच्या जागी धरले. पडलेल्या शाळेच्या ढिगाऱ्याखालून पाइपवर ठोके येत होते.

टक् ठण् ठण्. टक् ठण् ठण्. टक् ठण् ठण्. टक् ठण् ठण्.

“पाणी ठिबकत असेल,” एक जवान पुटपुटला.

“पाणी नाही.” शाळेतल्या मराठीच्या बाई पुढे आल्या. “लघु, गुरू, गुरू. चार वेळा. भुजंगप्रयात वृत्त आहे. आज सकाळीच शिकवलाय मी.”

सकाळी त्यांनी फळ्यावर जुन्या कवितेचे चरण लिहिले, यमकांखाली रेघा ओढल्या आणि वृत्त बाकावर वाजवून घेतलं. लघूला टिचकी, गुरूला मूठ. तीन अक्षरांचा एक गण, असे चार. सगळ्यांना जमलं, बाईंच्या स्वतःच्या लेकीला सोडून. तिसऱ्या गणात आली की ही धांदरट हटकून एक मूठ जास्त मारायची. भर वर्गात बाईंचं नाक कापलं गेलं. “सुट्टीत बाहेर जायचं नाही. बरोबर येईपर्यंत घोकायचं,” त्यांनी फर्मावलं आणि शिकवायला वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलीला, शिपाईमामांच्या मुलीला, तिच्याजवळ बसवलं. बाकी शाळा मैदानावर खेळत असताना छत खाली आलं.

शिपाईमामा शेजारीच उभे होते. “बाई, कोण वाजवतंय?”

ठोके पुन्हा आले. स्वच्छ, चारही गण बिनचूक. आपल्या लेकीला हे सात जन्मांत जमायचं नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

“तुमची आहे, मामा,” त्या कशाबशा म्हणाल्या.

मामा मटकन खाली बसले आणि हमसून रडू लागले. बाईंना त्यांचा हेवा वाटला. मग स्वतःचीच भीती वाटली.

ठोके थांबले. जवान एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी गुडघे टेकून ढिगाऱ्याला कान लावला. चूक गं माझे बाई, एकदाच चूक, त्या मनातल्या मनात विनवत राहिल्या.

बऱ्याच वेळाने पाइप वाजला. चाचरत, दमल्यासारखा.

टक् ठण् ठण्. टक् ठण् ठण्. टक् ठण् ठण्...

तिसरा गण, बाईंनी मोजलं.

ठण्.

“चुकली!” बाई आकाशाकडे बघत ओरडल्या. “मामा, माझी चुकली!”