मुळासकट

समुद्रपूरकडचं गंगाबाईंचं वावर नव्या महामार्गात गेलं. त्या कोणाशी भांडल्या नाहीत, दाखवतील तिथे सही केली. हट्ट एकच धरला, बांधावरचा कडुलिंब तेवढा राहू द्या.

मोजणीला आलेले साहेब भले होते. म्हणाले, "तोडत नाही, आई. मशीननं मुळासकट काढतो आणि तुमच्या अंगणात लावून देतो."

"उचलू नोको बाबा. आहे तिथंच राहू दे."

पुतण्या हेमराज हसला. "काकू, साहेब झाड घरपोच देऊन राह्यले. अजून काय पायजे तुले?"

गंगाबाईंनी बुंध्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "लय खोल खोदा लागते का?"

"चांगलं पुरुषभर," साहेब उत्साहानं म्हणाले. "एक मूळ तुटू देणार नाही!"

मशीन आली त्या दिवशी अर्धं गाव मोबाइल वर करून उभं होतं. गंगाबाई छातीशी काहीतरी धरून आल्या. सगळ्यांना वाटलं, पूजेचं सामान असेल. मातीच्या गोळ्यासकट झाड अलगद वर उचललं गेलं, तशा टाळ्या वाजल्या.

&nbsp;

गंगाबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या आणि मांडीवर लहानसं दुपटं उलगडत म्हणाल्या, "दात यायच्या आधी गेलती माही पोरगी. तेवढ्या लेकराले आमच्यात जाळत नाई, साहेब. आता पुढची माती हातानं काढजा."