माझ्या मागे कोण

“फटका डावीकडे गेला की कुणी जागेवर उभं राहायचं नाही,” सॉफ्टबॉलचे सर म्हणाले. “एकाने चेंडूमागे धावायचं, दुसऱ्याने त्याच्या मागे.” “माझ्या मागे कोण?” मनवेलपाड्याहून नवीनच आलेल्या आर्याने विचारलं. “मी,” सर म्हणाले. उमेळ्याच्या मैदानाची डावी बाजू वाडीतल्या बावखलाला भिडते. पावसाळ्यानंतर त्या खोल पाण्यावर जलपर्णी दाटते आणि मैदानच पुढे गेल्यासारखं दिसतं. गेल्या वर्षी सरांनी याच बाजूला खेळणाऱ्या उमंगला बजावलं होतं, “काही झालं तरी चेंडूवरून नजर काढायची नाही.” त्याने ऐकलं. संध्याकाळी पाण्यात आधी त्याचा ग्लव्ह सापडला. तोच हातात धरून सर आता काठावर उभे राहतात. फटका बसला. चेंडूकडे बघत आर्या उलट्या पावली धावत आली. “चेंडू सोड,” ओरडत सरांनी तिला घट्ट धरलं. चेंडू मागे जलपर्णीत पडला. “सर, गेला कुठे? तिथे तर नुसतं गवत आहे.”