भरलेलं घर

"बसप्पा, तुमचं धोतर जरा पुढं वाळत घाला. फोनमध्ये दिसलं पाहिजे," पिराजी गुरुजी म्हणाले.

बसप्पांनी धोतर दोरीवर दोन हात पुढं सरकवलं. बसप्पा शेजारचे. भुसार दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. धोतर त्यांच्याच अंगणात सकाळी वाळून झालं होतं. इथं ते फक्त कामावर आलं होतं.

गुरुजींची मुलगी क्षमा आयर्लंडला होती. आठ वर्षांपूर्वी तिनं तिकडच्या डॅनियलशी लग्न केलं, आणि तेव्हापासून दर पंचवीस डिसेंबरला त्यांच्या ख्रिसमसला लोहाऱ्यातून फोनवर हजेरी लावायची पद्धत पडली. गुरुजींच्या पत्नी पुतळाबाई होत्या तोवर घर आपोआप भरलेलं वाटायचं. त्या जाऊन दोन वर्षं झाली. यंदा दिवाळीत क्षमा म्हणाली होती की तुम्ही एकटेच राहत असाल तर पुण्याच्या वृद्धनिवासात नाव घालते. ख्रिसमसला बघते काय ते. गुरुजींनी वृद्धनिवासाचं माहितीपत्रक नीट वाचलं. त्यात रोज पहाटे सामूहिक हास्ययोग होता. माणसानं लोहाऱ्यात खुशाल मरावं, पण पुण्यात ठरलेल्या वेळी हसू नये, असं त्यांचं मत पडलं.

सकाळी विहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम झाला. गुरुजींनी भाषण केलं आणि तडक घरी येऊन ख्रिसमस मांडायला घेतला. एकतीस वर्षं शाळेची स्नेहसंमेलनं बसवलेल्या माणसाला त्यात अवघड काही नव्हतं. कचेरीच्या आवारात वाऱ्यानं मोडून पडलेली सुरूची फांदी बादलीत रोवली. दिवाळीचा आकाशकंदील चांदणीचाच होता, तो वर टांगला. केक बिनअंड्याचा आणला, बसप्पांसाठी. दारात चपलांचे सात जोड मांडले. त्यातले तीन गुरुजींचेच होते.

पलीकडच्या धुरपताबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेचं नाव मोनिका. त्यामुळं डॅनियलच्या आईला ती पहिल्यापासून आपल्यातलीच वाटायची, आणि हा गैरसमज आजवर कुणी दूर केला नव्हता. त्या विहीणबाईंनी मागं पाठवलेलं भेटकार्ड भिंतीवर लावलं होतं. धुरपताबाईंनी ते नाक लावून बघितलं. गोठा, बाळ, आणि बाजूला काठ्या घेतलेले मेंढके.

"ही तर आमचीच मानसं हायेत की, गुरुजी," त्या म्हणाल्या. "पर मेंढरं लई बारीक. चारा न्हाय वाटतं तिकडं."

दोनच्या ठोक्याला फोन वाजला. सगळे ठरल्या जागी बसले.

क्षमाच्या मागं झाड होतं, आणि ते चांगलं दोन मजली होतं. त्याच्याभोवती माणसांची रीघ. एक पगडीवाले सरदारजी, एक बुरख्यातल्या बाई, दोन नन, एक उंच आफ्रिकन गृहस्थ आणि किती तरी पोरंटोरं. सगळ्यांच्या हातात बॅगा. जावयाचं घर भलतंच मोठं दिसतं, असं बसप्पा कानाशी पुटपुटले. पाहुणे मुक्कामाला आलेले दिसतात, असं गुरुजींनी त्यांना समजावलं. मागच्या काचेत लख्ख ऊन होतं. दरवर्षी या वेळी तिकडं अंधार असायचा. पण गुरुजी मराठीचे, भूगोल त्यांच्याकडं कधीच नव्हता.

डॅनियलराव कुठं दिसत नाहीत, असं त्यांनी विचारलं. तो आहे त्याच्या कामात, असं ती म्हणाली. मग गुरुजींनी फोन सगळीकडं फिरवला. मोनिकानं हात हलवला. धुरपताबाईंनी केकचा तुकडा पडद्यापुढं धरून खा म्हणून आग्रह केला. धोतर दोनदा दाखवून झालं.

क्षमानं फोन जवळ घेतला.

"बाबा, माझी माडीवरची खोली? मोकळीच असेल ना?"

हा प्रश्न येणार हे गुरुजींनी ओळखलं होतं. उत्तर तयार होतं.

"मोकळी कुठली? बसप्पा राहायला आलेत तिथं."

बसप्पांनी गंभीरपणे मान हलवली.

"आणि खालची?"

"खालच्या खोलीत धुरपताबाई न् मोनिका. त्यांचे पत्रे बदलायचे निघालेत."

"म्हणजे तुम्हाला एकटं वाटत नाही."

"एकटं? अगं, पाय पसरायला जागा नाही. उद्या तू आलीस तरी तुला झोपवायचं कुठं हा प्रश्न आहे."

हे वाक्य ऐन वेळी सुचलं होतं. गुरुजींना ते फार आवडलं.

क्षमानं चष्मा काढला, ओढणीनं पुसला आणि परत घातला. "बरं झालं, बाबा," ती म्हणाली. "मला तेवढंच बघायचं होतं." आणि फोन ठेवला.

वृद्धनिवासाचं नावसुद्धा निघालं नाही. बसप्पांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली, धोतराची घडी केली आणि ते जेवायला घरी गेले. धुरपताबाईंना मेंढरांकडं बघायचं होतं. मोनिकानं जाताना चपला नीट लावल्या. दहा मिनिटांत घर पुन्हा पूर्वीएवढं झालं.

गुरुजींनी केकचा एक तुकडा पुतळाबाईंच्या फोटोपुढं ठेवला, एक स्वतः खाल्ला. आपण जिंकलो, असं त्यांनी फोटोला सांगितलं. फोटोला त्याचं विशेष वाटलेलं दिसलं नाही. खरं तर क्षमानं जरा भांडायला हवं होतं. माझी खोली बसप्पांना दिलीच कशी, आज बाहेर काढा त्यांना, असं काही. पूर्वी ती त्या खोलीत चुलत भावंडांनाही पाय ठेवू देत नसे. आपण हे संमेलन जरा जास्तच चांगलं बसवलं की काय, असं त्यांना वाटून गेलं.

तेवढ्यात फोन परत वाजला. लोहाऱ्याचा जीपवाला शंभू होता, गुरुजींचाच जुना विद्यार्थी. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, ताईंनी शपथ घातली होती, पण आता काय करावं ते सुधरंना म्हणून फोन केला, असं तो चाचरत म्हणाला.

"म्या हैदराबादच्या इमानतळावर हाय, गुरुजी. क्षमाताई तिकडचा समदा संसार मोडून आल्यात, कायमच्या. आत्ता तुमच्यासंगं बोलल्या आन् बॅगा घिऊन परतीचं तिकीट बघाया आत गेल्या. म्हनल्या, घरी जागा न्हाय. म्या थांबू का निघू?"