पंधरावी काठी

पिशवीत पंधरा काठ्या होत्या. मी पुन्हा मोजल्या, पंधराच. गोल्फच्या नियमाने चौदाच चालतात. पालीच्या माळावर भरलेल्या जुन्या व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी अशफाकभाईची पिशवी वाहत होते. इथे फटके नव्हे, जिंकलेले होल मोजतात. अठरापैकी सोळा होल संपले होते, भाई दोनने पुढे होता. जादा काठीचा दंड दोन होल. छत्रीमागे दडलेली ती आखूड काठी अब्बांनी मांजरसुंब्याच्या गॅरेजात भाईच्या लहानपणी पाइपाला पट्टी जोडून बनवली होती. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून ते हसले, “सकाळी मीच ठेवली, बेटा. दुआ हाय तिच्यात.” घाबरतच भाईला काठी दाखवली. “झाक ती, उज्मा! कुनीच मोजल्या न्हाईत.” “मी मोजल्या.” तो अब्बांकडे बघत राहिला. मग त्याने हात वर करून पंचांना बोलावले. फलक बदलला: फरक शून्य.