दगडांवर ठेवलेलं घर

फिंडलेने मोजपट्टी खिडकीच्या लाकडी झालरीला लावली आणि आकडा वहीत टिपून घेतला. ओमेटा यरवुड दारात उभी राहून बघत होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"कोरीवकाम कुणाचं?"

"माझ्या बापाचं. पण मोजताय कशाला? मी काही घर विकायला काढलेलं नाही."

"विकायचं कशाला, बाई? हा देशाचा ठेवा आहे." फिंडले गोड हसला. त्याच्या गळ्यात 'वारसा' असं छापलेला बिल्ला लोंबत होता. "समुद्र काय, विमानातून उतरलेल्या पाहुण्याला कुठल्याही बेटावर मिळतो. असं घर कुठे मिळणार? किनाऱ्यावर आम्ही जुन्या घरांचं एक गाव मांडतोय. यादीत तुमचं घर पहिलं आहे."

"आणि मी? मलाही मांडणार का, डोक्यावर टोपली देऊन?"

"तुमची सोय होईल कुठेतरी." त्याने वाकून घराखाली पाहिलं. घर दगडांवर नुसतं ठेवलेलं होतं, गल्लीतल्या सगळ्याच घरांसारखं. "ही घरं एका दिवसात सुटतात म्हणे?"

"माणसं जमली तर अर्ध्या दिवसात." बढाईची वेळ नव्हती, पण बापाच्या कामाचा विषय निघाला की ओमेटाची जीभ थांबत नसे.

"वा! सोमवारी सकाळी नऊला ट्रक येईल." एवढं बोलून तो गेला.

दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे हिरवा रंग उडालेलं दार. अडुसष्ट वर्षांत ओमेटाने दुसरं घर पाहिलं नव्हतं. जमीन उसाच्या मळेवाल्याची आणि घर आपलं, ही बेटावरची जुनी रीत. मळा आता कुठल्याशा कंपनीने घेतला होता. तिथे राहत असलेल्या माणसाला घराखालची जागा कायद्याने स्वस्तात विकत मागता येते म्हणून गल्लीतल्या बऱ्याच जणांनी सरकारकडे अर्ज केले होते. ओमेटाचाही होता. कुणीतरी पाहणीला येईल, असं पत्र आलेलं ती डब्यात ठेवून विसरली होती. घरच हातचं चाललंय म्हटल्यावर जागेची आठवण कुणाला राहणार?

ती दोनदा शहरात जाऊन आली. पहिल्या दिवशी साहेब जेवायला गेले होते, ते काही परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या मुलीने असल्या यादीचं नावही ऐकलेलं नव्हतं. "वर विचारा," ती म्हणाली. वर गेली तर कुलूप. ओमेटा जिन्यातच बसली. दाद कुणाकडे मागायची, तेच कळेना. एवढी वर्षं कुणापुढे हात पसरला नाही, आणि आता हात पसरायलाही कुणी समोर नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी ती सुतार सेंट क्लेअरच्या पायरीवर जाऊन रडली.

"रडतेस काय, वेडे?" सेंट क्लेअर म्हणाला. "आपल्या आज्यांनी ही घरं खिळ्यांऐवजी खुंट्यांवर का उभी केली? मळेवाल्याशी वाजलं की घर उचलायचं आणि चालू पडायचं. ते काय त्याच्या बापाचं होतं? उद्या उचलू तुझंही."

"आणि ठेवू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

"तुझ्या बहिणीचं परसू पडलंय ना तिकडे उत्तरेला, सेंट लूसी भागात, रिकामं? सोमवारी तो बिल्लेवाला येईल आणि दगड मोजत बसेल!"

खूप दिवसांनी ओमेटा हसली.

रविवारी गल्लीतली निम्मी माणसं चर्चला गेलीच नाहीत. सेंट क्लेअरने फळ्यांवर खडूने आकडे घातले. खुंट्या निघाल्या, छप्पर उतरलं, भिंती अखंडच्या अखंड खाली आल्या आणि सगळं मागवलेल्या लॉरीवर चढलं. ओमेटाने नीरफणस भाजले, मासळीच्या वड्या तळल्या आणि रमची बाटली फिरवली. बापाने कोरलेली झालर मात्र तिने चादरीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतली. दिवस मावळायच्या आत घर सेंट लूसीत नव्या दगडांवर उभं होतं.

तिथेच थांबायचं सोडून ती सोमवारी पहाटेच्या बसने परत आली. फिंडलेचं तोंड कसं होतं, ते तिला पाहायचं होतं. आठपासून ती समोरच्या डॉटिनबाईंच्या ओसरीवर ठाण मांडून बसली.

नऊ वाजता दोन गाड्या आल्या. एकीतून फिंडले उतरला. आज त्याच्या गळ्यात बिल्ला नव्हता. दुसरीतून जाड फाइल घेतलेली एक सरकारी बाई उतरली. ही त्याची वरची साहेब असणार, असं ओमेटाने ताडलं. ट्रक काही दिसेना.

बाईने मोकळ्या दगडांकडे पाहिलं. "इथे घर होतं ना?"

"घर?" ओमेटा ओसरीवरूनच ओरडली. "कसलं घर? तिथे कुणी राहतच नाही!"

"कधीपासून?"

"कैक वर्षं झाली!"

"मला तर तिथे घर पाहिल्याचं आठवत नाही," डॉटिनबाईंनी री ओढली. सेंट क्लेअर हातोडी घेऊनच आला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "तिथे आमच्या शेळ्या चरतात, मॅडम." मग अख्खी गल्ली जमली. एकाहून एक साक्षी झडल्या. कुणी हसू दाबत होतं, कुणी बायबलची शपथ घेत होतं. आपल्या माणसांकडे पाहून ओमेटाचा ऊर भरून आला. फिंडले मात्र गाडीला टेकून समुद्राकडे बघत होता.

बाईने प्रत्येकाचं म्हणणं नावानिशी लिहून घेतलं, खाली तारीख घातली.

"म्हणजे ही जागा विकत मागणाऱ्या यरवुडबाईंचं इथे घर नाही, आणि त्या इथे राहतही नाहीत. अर्ज आजच रद्द होईल," ती म्हणाली आणि तिने पेन फिंडलेपुढे धरलं. "घ्या, मळ्याच्या कंपनीतर्फे तुम्ही इथे सही करा."